सैराआपाने कॅमेरे लावले त्या हिवाळ्यात

शेजारच्या सैराआपाने अंगणात कॅमेरे लावायचं मनावर घेतलं, तेव्हा आमचं अख्खं आत-बाशी गाव हसलं. बाजारातला दुकानदार तर तोंडावरच म्हणाला, "आपा, तुमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? एक गाय आणि एक म्हातारा!"

"गाय कुणी नेली तर नेऊ दे," आपा म्हणाली. "म्हाताऱ्यासाठीच लावतेय."

म्हातारा म्हणजे तिचा नवरा, एसेनआबा. जन्मभर ट्रक चालवला त्यांनी. दोलोनचा घाट त्यांच्याइतका कुणी ओलांडला नसेल. अलीकडे मात्र ते विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग नातवंडांची नावं, मग आपण निवृत्त झालोय हेही. जोडे चढवून कधीही अंगणात उतरायचे. आमच्याकडे जानेवारीत उणे तीस म्हणजे साधी गोष्ट. अशात टोपीशिवाय बाहेर पडलेला माणूस किती वेळ तग धरणार? शिवाय फाटकापलीकडे नदी. वरून गोठलेली, पण मधल्या धारेवरच्या बर्फाचा भरवसा नाही.

पहिला कॅमेरा मुलीने बिश्केकहून पाठवला. बॅटरीवरचा, दिसायला गोंडस. खरी थंडी पडली आणि दुपारपर्यंत त्याने मान टाकली. आपाने तो आत आणला, ऊब दिली, चार्ज केला, पुन्हा टांगला. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी वैतागून तिने तो काढून खिडकीत ठेवला. "हाही रोज आत येऊन शेकत बसणार असेल, तर मला दोन म्हातारे सांभाळायचे झाले!"

आपा शाळेत स्वयंपाकीण होती. स्वतः चाखल्याशिवाय पातेलं पोरांपुढे जाऊ द्यायची नाही. बाजारातही तिचं तेच. मी, शेजारची सूनबाई, सोबतीला होते.

"हा उणे वीसपर्यंत चालतो," दुकानदार म्हणाला.

"आणि त्याच्या खाली गेलं की? शाल पांघरायची त्याला?"

मग त्याने वायरवर चालणारा दुसरा दाखवला. खोक्यावर उणे चाळीस लिहिलं होतं.

"खोक्यावर काय, कुणी काहीही लिहील. तुझ्याच दुकानाबाहेर टांग. सकाळी चालू दिसला, तर दोन घेते."

दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "या घरीही अशाच असतात का हो?" पण टांगला बिचाऱ्याने. सकाळी कॅमेऱ्याच्या कपाळावर हिमाचा पांढरा थर होता आणि आतलं चित्र मात्र स्वच्छ.

बसवायला माझा दीर तालांत आला. तो विजेची कामं करतो. त्याने रबरी आवरणाची वायर आणली, कारण साधी वायर थंडीत वाकवली की तडकते. दोनांतला एक तो दाराच्या वर लावणार होता. आपाने त्याची शिडीच धरून ठेवली.

"तिथे नको. धुराडं शेजारीच आहे. वाफ येणार, काचेवर गोठणार, आणि मी बघत बसणार पांढरं फडकं."

"बरं आपा, मग गोठ्याच्या वळचणीखाली?"

"तिथे लाव. आणि तोंड जरा खाली कर, नाहीतर समोरच्या डोंगरावरच्या बर्फाच्या झळाळीत काही दिसायचं नाही."

एक फाटकावर, एक गोठ्याच्या कोपऱ्यावर, असे दोन लागले. पहिले काही दिवस आपाचा फोन सारखा टुणटुणायचा. बर्फ पडला, टुण. कुत्रा गेला, टुण. मग तालांतने येऊन फक्त माणूस दिसला तरच वाजेल असं करून दिलं.

एका दुपारी वारा सुटला होता आणि बर्फ आडवा पडत होता. आपा बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. कढईचा चरचराट, खिडकीवर वाऱ्याचे तडाखे, फोन उशीखाली. कणीक संपली, हात पुसून ती बाहेरच्या खोलीत आली, तर आबांची जागा रिकामी. जोडे नाहीत. दार नुसतं लोटलेलं, आणि पलीकडे फाटक सताड उघडं.

तिची हाक ऐकून मी धावले. गल्लीतली माणसं गोळा झाली. फाटक उघडं म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं. तालांतने दोर खांद्यावर टाकला आणि माणसं नदीकडे निघाली. आपाही तशीच, अंगात नुसता स्वेटर, त्यांच्यामागे पळायला लागली. फाटकापाशी ती एकदम थबकली.

"सूनबाई, फोन! उशीखाली आहे, फोन आण!"

मी आणला. फाटकावरचं चित्रण मीच मागे नेलं. बर्फाच्या रेघा, आणि वाऱ्याने धाडकन उघडलेलं फाटक. त्यातून कुणीच बाहेर पडलं नव्हतं. पुन्हा पाहिलं. कुणीच नाही.

मग गोठ्यावरचा कॅमेरा लावला. त्यात आबा होते! बोडक्या डोक्याने, अगदी कामावर निघाल्यासारखे ताठ चालत, ते गोठ्याला वळसा घालून मागे गेले होते.

"ट्रक!" आपा ओरडली.

गोठ्यामागे त्यांचा जुना ट्रक कधीचा उभा आहे. त्याला ना इंजिन, ना चाकं. आम्ही बर्फ तुडवत पोहोचलो. आपाने दरवाजा ओढला. आबा चालकाच्या जागी बसले होते. उघडे हात स्टिअरिंगवर, बोटांची टोकं पांढरी पडलेली.

"इतका उशीर?" ते तिला म्हणाले. "बस लवकर. घाट बंद व्हायच्या आत निघायचंय."

मला वाटलं, आता आपा त्यांना खेचून काढणार. पण ती वर चढली, शेजारी बसली आणि त्यांचे हात आपल्या स्वेटरखाली घेतले.

"अहो, घाट बंद झाला. आत्ताच निरोप आला. उद्या निघू."

आबांनी समोरच्या पांढऱ्या काचेकडे नीट पाहिलं. "बंदच करणार," ते म्हणाले. "अशा हवेत मीसुद्धा गाडी काढली नसती." आणि मुकाट उतरले.

मी नदीच्या वाटेवर जाऊन सगळ्यांना ओरडून परत बोलावलं. तालांत धापा टाकत आला आणि दोरासकट उंबऱ्यावरच बसला. आबांचे हात कोमट पाण्यात बुडवले होते. बोटं हळूहळू लाल झाली आणि झोंबायला लागली, तसे ते कुरकुरायला लागले. "झोंबतंय!" ते म्हणाले. म्हणजे बोटं वाचली होती. आपाला इतकं हसू फुटलं, की हसता हसता ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून तिने बोरसोकांची परात मधे ठेवली.

"खा रे सगळे. थोडे करपलेत. आज कुणी नावं ठेवायची नाहीत."

कुणीच ठेवली नाहीत. परात रिकामी झाली.