आगपेटीतली बाहुली

आमच्या क्वार्टरांच्या ओळीत नवऱ्याला कामावर धाडायची एक रीत होती. ओवाळणं नाही, हातावर दहीसाखर नाही. दारात उभं करायचं आणि त्याचे खिसे उलटे करायचे. आमचे हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, गोळ्यांमध्ये दारू भरायच्या सेक्शनला होते. तिथं आगपेटी सोडाच, साधी काडी खिशात निघाली तरी माणूस गेला. नोकरीतून गेला, हा त्यातल्या त्यात बरा अर्थ.

म्हणून रोज सकाळी मी ह्यांचे खिसे तपासायची. निघायचं काय, तर पोरांनी कोंबलेल्या बोरांच्या बिया, खडूचा तुकडा, एकदा थोरल्याचा पडलेला दात. चार पोरांच्या बापाचा खिसा तो. त्यात त्याचं स्वतःचं असं काही नसायचंच.

लढाई लागली आणि ड्यूटी लांबली. हे अंधारात जात, अंधारात येत. खिडक्यांना काळा कागद, आत चार पोरं, सिगडीचा धूर आणि मी. रेडिओवर वीरमातांचं कौतुक चाले, तेव्हा मी एकाचं नाक पुसत दुसऱ्याला चड्डी चढवत असायची. रेडिओवाले आपल्याबद्दल बोलून राहिले, असं मला काही कधी वाटलं नाही. तान्ह्याला तर एका रविवारी भर उजेडात बाप दिसला, तर त्यानं भोकाड पसरलं.

थोरल्याच्या पाठची मुलगी पाच वर्षांची होती. सिगडी पेटवून टाकलेल्या जळक्या काड्या ती गोळा करायची, त्यांना माझ्या जुन्या पोलक्याच्या हिरव्या चिंध्या गुंडाळायची. झाल्या बाहुल्या. बाबा, आई, दादा, सगळे एका चपट्या डब्यात निजवलेले. स्वतःसाठी मात्र तिनं माझ्या नकळत कोरी काडी घेतली होती. तिच्या मते आमच्या सगळ्यांची डोकी जळकी, तिचं तेवढं चांगलं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी पहाटे ती उठून दारात आली. खिसे तपासून झाले होते.

"काहून उठली गं? थंडी किती आहे!" हे म्हणाले आणि तिला उचलून घेतलं.

"बाबा, तुम्ही तिथं कोणाजवळ बसता?"

"कोणाजवळ बसणार? काम असते." तिचा पापा घेऊन हे निघाले.

संध्याकाळी भोंगा झाला. ओळीतले सगळे आले, हे नाही आले. शेजारीण आली. मागे तिचा नवरा, ह्यांच्याच सेक्शनचा, मान खाली घालून.

"दीदी, भैया को रोक लिया है. जेब में माचिस निकली."

"मैंने खुद देखी थी जेबें!" मी ओरडलेच.

"गेट पर नहीं निकली," तिचा नवरा म्हणाला. "अंदर कोट टाँगते बखत निकली, कोट के भीतर वाली जेब से. उन्होंने खुद साहब के हाथ में दे दी. कह रहे हैं, बिटिया की गुड़िया है. लड़ाई के दिन हैं दीदी, कौन मानेगा?"

नवरा फार सरळ आहे, ही तक्रार मी लग्नानंतर लगेच माहेरी केली होती. कोणी मनावर घेतली नव्हती.

थोड्या वेळानं साहेब आणि एक पोलीस आले. ट्रंक उपसली, तांदळाच्या डब्यात हात घातला. मग साहेब पोरीसमोर खाली बसले.

"बेटा, पापा की जेब में माचिस तुमने रखी?"

तेवढ्या वेळात थोरल्यानं तिच्या कानात सांगून ठेवलं होतं, की आता फाशी होते.

"मैंने नहीं रखी," ती म्हणाली. माझी मुलं घाबरली की अगदी स्वच्छ हिंदी बोलतात.

साहेब उठले. मी तिला हलवत म्हणाले, "खरं सांग गं, बाबांसाठी सांग!" ती भिंतीला चिकटली. तेवढ्यात तीन वर्षांची धाकटी, जिला ताईच्या चुगल्या करण्याहून गोड काही नव्हतं, खाटेखालून तो डबा ओढत घेऊन आली.

"ताईचं घल!"

साहेबांनी तो उघडला. हिरव्या चिंध्यांत आम्ही सगळे ओळीनं निजलेलो, मधे एक जागा रिकामी. त्यांनी रुमालातून आगपेटी काढली, तिच्यातली बाहुली त्या जागेवर ठेवली. तीच चिंधी, तीच गाठ.

"यह कौन है?"

"मैं," पोरगी म्हणाली आणि रडायला लागली. पुढचं मराठीत म्हणाली, "बाबा तिथं एकटे असतात."

मी ते हिंदीत सांगितलं. साहेबांनी डबा बंद केला आणि सोबत घेऊन गेले.

हे दुसऱ्या दिवशी घरी आले. साहेबांची खात्री पटली होती, नियमाची पटली नव्हती. ह्यांना सेक्शनमधून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. हात बारीक कामाचा, काम पाटीचं. पाठ गेली ती कायमची. बाहुल्या काही परत आल्या नाहीत.

यार्डावर जायच्या पहिल्या सकाळी मी सवयीनं दाराशी गेले, तर पोरगी आधीच तिथं उभी. तिनं एकेक खिसा उलटा केला, आतलासुद्धा.

"अगं, यार्डात आगपेटी चालते. तिथं सगळे बिड्या ओढून राहिले," मी सांगितलं.

तिनं ऐकलं नाही. पुढं हे जवळच्याच गोरखपूर बाजारात भाजी आणायला निघाले तरी तिचं तेच. त्यांच्या कडेवर मात्र ती पुन्हा कधी चढली नाही. हे हात पुढे करत, तर ती खिसे बघायची.

मग ह्यांनी हात पुढे करणं सोडलं. दाराशी आले की दोन्ही हात वर करून उभे राहत, फॅक्टरीच्या गेटवर झडतीला राहत तसे.