लाल रेघेखालचा साठा

पंपांच्या कारखान्यात जाळीच्या खिडकीमागे बसून फिटर लोकांना बेअरिंग, वॉशर आणि नटबोल्ट मोजून देणं हे तिचं काम. त्यामुळे कारखान्यात तिला सगळे स्टोअरबाई म्हणत, आणि ते नाव बसमधून तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. नवराही म्हणे, पण ती स्वयंपाकघरात असताना, बाहेरच्या खोलीतून, हळू आवाजात.

स्टोअरचे नियम दोन. पहिला, जुना माल आधी बाहेर जाईल, नवा मागे राहील. दुसरा नियम लाल रेघेचा. प्रत्येक खणात आतल्या बाजूला एक लाल रेघ ओढलेली असते. माल रेघेच्या वर असेल तर मागणाऱ्याला मिळतो. रेघेला टेकला की खिडकी बंद, मग फिटर रडो की मशीन. अगदीच नड असेल तर मॅनेजरची सही आणायची.

हे दोन्ही नियम ती घरात कारखान्यापेक्षा कडकपणे पाळी, कारण कारखान्यात मॅनेजर होता आणि घरात फक्त नवरा होता. तांदळाच्या डब्यावर रेघ, साखरेच्या बरणीवर रेघ, रॉकेलच्या कॅनवर रेघ. बुटांच्या दोन खोक्यांत मेणबत्त्या, त्या खोक्यांना आतून रेघ. पाण्याचे पिंप, आगपेट्या, दुधाची पावडर, पट्ट्या आणि मलम, सगळं होतं. रेघेखालचं सगळं अडचणीच्या वेळेसाठी. टॉर्च एका कपाटात असे आणि सेल गळू नयेत म्हणून दुसऱ्या कपाटात. त्या घरात ताजं बिस्किट कुणाच्या दातांना माहीत नव्हतं. ताजा पुडा मागे जाई, मऊ पडलेला पुढे येई, आणि तो संपेपर्यंत मागचाही मऊ पडलेला असे.

सासूबाई तिच्याकडेच राहत. सासरे गेल्यापासून, म्हणजे बऱ्याच वर्षांपासून. कारण असं सांगितलं जाई की थोरलीचं, म्हणजे स्टोअरबाईचं, घर तळमजल्यावर आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. रोज संध्याकाळी स्टोअरबाई दार उघडून आत आली की सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून मान न वळवता विचारत, "आलीस?" ती समोर उभी असताना या प्रश्नाला तसा अर्थ नव्हता. ती उत्तरही देत नसे, पिशवी ठेवून कामाला लागे. पण बसला उशीर झाला की तिचा जीव का खालीवर होतो, हे नवऱ्याला कधी कळलं नाही. त्याला वाटे, दूध नासेल म्हणून.

धाकटी जाऊ त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. ती पार्लरमध्ये केस कापते. तिचा नवरा जहाजावर असतो आणि वर्षातून एकदा घरी येऊन सगळ्यांना साबण वाटतो. धाकटीच्या घरात जास्तीचं मीठसुद्धा नसे. संपलं की ती वाटी घेऊन खाली येई, "वहिनी, चिमूटभर," म्हणे, आणि चिमूटभर न्यायला आलेली बाई तासभर सासूबाईंना हसवून जाई. वाटी परत येत नसे. स्टोअरबाईला वाटीचं काही नव्हतं. तिला हसण्याचं होतं. आपण इतकी वर्षं वेळेवर औषधं दिली, गरम पाण्याची पिशवी दिली, चष्म्याचा स्क्रू स्वतः बसवून दिला, आणि सासूबाई आपल्याकडे पाहून समाधानाने मान हलवतात. धाकटी हात हलवत येते आणि त्या पोट धरून हसतात. हा हिशेब कुठल्याच खणात बसत नव्हता.

त्यात जहाजावरून धाकट्याचा फोन आला. आईला थोडे महिने वर राहू दे, हिला सोबत होईल, असं तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता. स्टोअरबाई कांदा चिरत होती. सासूबाईंनी दोन्ही सुनांकडे पाहिलं नाही, म्हणाल्या, "बघू." आयुष्यभर हो किंवा नाही म्हणणाऱ्या बाईने बघू म्हटलं, तेव्हापासून स्टोअरबाईचं लक्ष कशात लागेना. कारखान्यात तिने एका फिटरला मागितल्यापेक्षा एक वॉशर जास्त दिला. तो फिटर इतका घाबरला की परत करायला आला.

आणि अशातच रस्त्याखालची मोठी केबल जळाली. वीज कंपनीची माणसं आली, त्यांनी खड्डा खणला, खड्ड्यात पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. किती दिवस लागतील, असं लोकांनी विचारल्यावर त्यांच्यातला मोठा साहेब म्हणाला की ते खड्ड्यावर अवलंबून आहे. सगळ्या गल्लीत अंधार झाला. स्टोअरबाईच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी जे होतं त्याला आनंद म्हणणं बरं दिसणार नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. आता कळेल सगळ्यांना, असं ती नवऱ्याला म्हणाली. काय कळेल, हे त्याने विचारलं नाही. तो सेल शोधत होता.

नियमाप्रमाणे जुना माल आधी निघाला. रेघेच्या वर उरलेल्या चार मेणबत्त्या गेल्या उन्हाळ्यात वाकून नमस्कार केल्यासारख्या झाल्या होत्या. त्यातली एक तिने बाहेरच्या खोलीत लावली. ती एका बाजूने वितळून लवकर विझली. दुसरी लगेच लावायची नाही, असं ठरलं. म्हणजे तिने ठरवलं. रात्र मोठी आहे आणि पुढे काय वाढून ठेवलंय कुणाला माहीत. बिस्किटं आली, अर्थात पुढचा पुडा. सासूबाईंनी एक बिस्किट अंधारात हाताने वाकवून पाहिलं आणि परत ठेवलं.

त्याच वेळी वरून हसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वास. धाकटीने फ्रिजमधलं सगळं बिघडणार म्हणून एकदमच शिजवायला काढलं होतं, आणि एकटी किती खाणार म्हणून जिन्यातल्या लोकांना हाका मारल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला आणि त्याची बायको आपल्या फ्रिजमधली अंडी घेऊन गेली. कुणी बटाटे नेले, कुणी घरातली उरलीसुरली मेणबत्ती. सासूबाई थोडा वेळ आवाज ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, जरा वर जाऊन येते.

ज्या गुडघ्यांमुळे त्या समोरच्या दुकानापर्यंत जात नसत, ते गुडघे तीन मजले चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून, कठड्याला धरून. स्टोअरबाई दारात उभी राहून ती पावलं ऐकत होती. वर दार उघडलं, ओरडा झाला, आणि दार लागलं.

दुसऱ्या संध्याकाळी सासूबाई उशी घेऊन वर गेल्या. सारखं चढउतार नको म्हणून, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी स्टोअरबाई कामावरून आली, दार उघडलं, आणि खुर्ची रिकामी होती. ती पिशवी हातात धरून बराच वेळ तिथेच उभी राहिली. आपण घरी आलो की नाही याची तिला खात्री वाटेना.

मग तिने जिन्यात जाऊन उभं राहायला सुरुवात केली. पहिल्या मजल्याच्या वळणावर, कुणी विचारलं तर दुधाची वाट बघतेय असं सांगता येईल अशा बेताने. धाकटीचं हसू, टॅक्सीवाल्याच्या थापा, मध्येच सासूबाईंचा आवाज. सासूबाई त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगत होत्या. कुठल्या तरी बाईंच्या खुर्चीखाली बेडूक सोडल्याची. ही गोष्ट स्टोअरबाईने ऐकलेली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही नाही. अंगावर चहा सांडावा तशी ती भाजली. धाकटीने काय दिलं होतं, तर एक कळकट बशी आणि उकडलेले बटाटे, आणि एवढ्यावर तिला बेडूक मिळाला.

पण उधळपट्टी शेवटी संपतेच. दुकानांतल्या मेणबत्त्या पहिल्या दोन दिवसांतच गेल्या होत्या, आणि एका संध्याकाळी धाकटी दारात आली. हातात वाटी नव्हती, बशी होती. बशीत मेणाचा गोळा.

"वहिनी, दोन मेणबत्त्या असतील तर."

स्टोअरबाई या क्षणाची वाट पाहत होती, आणि तो आल्यावर मात्र तिला तो पुरेसा मोठा वाटला नाही. तिने आवाज कारखान्यातला लावला. साठा रेघेला टेकला आहे, म्हणाली, देता येणार नाही. मात्र आईंना खाली पाठव, इथे पिंपभर पाणी आहे, दुधाची पावडर आहे, त्यांची काळजी घ्यायला लागतं ते सगळं आहे.

धाकटी बशी हातात फिरवत राहिली. "पाठवते की. मी कुठे धरून ठेवलंय? पण त्या म्हणतात, वरचा अंधार फुकट आहे, खालचा महाग पडतो."

हे ती हसत म्हणाली. धाकटीची हीच खोड. टोचायचं आणि वर फुंकर घालायची. मग ती रिकाम्या हाताने वर गेली, आणि थोड्या वेळाने जिन्यात सावकाश पावलं वाजली. सासूबाई स्वतः खाली येत होत्या.

नवऱ्याने तेवढ्यापुरती वाकडी मेणबत्ती लावली. त्या उजेडात सासूबाई दिसल्या. त्यांचे केस कापलेले होते. मानेपर्यंत, नीट, बाजूला वळवून. त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता आणि कान पहिल्यांदाच दिसत होते. छान दिसत होत्या, तेच तर सहन होत नव्हतं.

"हे कधी?"

"काल. तिला काम नव्हतं, मला डोकं होतं." सासूबाई खुर्चीत टेकल्या. त्यांनी फडताळाकडे बोट केलं. "ती खोकी तशीच आहेत?"

"आहेत."

"कशासाठी ठेवली आहेस?"

"अडचणीच्या वेळेसाठी, आई."

"मग हे काय चाललंय?"

स्टोअरबाईने प्रामाणिकपणे विचार केला. वीज नव्हती, पाणी टाकीत चढत नव्हतं, दुकानं रिकामी होती. "ही अजून खरी अडचण नाही," ती म्हणाली. "याच्यापेक्षा वाईट वेळ येऊ शकते."

"येईल की. पण मी तेव्हा असेनच असं नाही." सासूबाई हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलल्या. "अगं, तू माझं सगळं करतेस. कधी काही कमी पडू दिलं नाहीस. पण तुझ्या घरात मीसुद्धा रेघेखाली आहे. मला कुणी बाहेर काढत नाही. धाकट्याला कळवते, वीज आली तरी मी वरच राहीन."

बघू संपलं होतं. नवरा मेणबत्तीकडे पाहत होता, जणू तिची जबाबदारी त्याच्यावर आहे. स्टोअरबाई उठली, स्टूल ओढलं, फडताळावरची दोन्ही खोकी खाली काढली आणि जमिनीवर उपडी केली. नव्या सरळ पांढऱ्या मेणबत्त्या घरंगळत खाटेखाली गेल्या. सहीसाठी ती कुणाकडे गेली नाही. तिने त्या खिडकीत लावल्या, टेबलावर लावल्या, पिंपाच्या झाकणावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लावल्या. मग मागचा, न फोडलेला बिस्किटांचा पुडा फोडला. नवऱ्याने एक तोंडात टाकलं, कुरकुर आवाज झाला, आणि त्याने दचकून तोंडावर हात ठेवला.

मग ती जिन्यात गेली आणि वर तोंड करून हाक मारली. सगळ्यांनी खाली या, म्हणाली. आवाज अजूनही खिडकीमागचाच होता, त्यामुळे लोक रांगेने आले. टॅक्सीवाला दारात थांबून म्हणाला, "स्टोअरबाई, आज काय साठा मोजायचाय का?" तिने त्याच्या हातात बिस्किटं कोंबली. धाकटी सगळ्यात शेवटी आली. इतका उजेड पाहून ती पहिल्यांदाच गप्प झाली. ते स्टोअरबाईने पाहिलं आणि जपून ठेवलं.

खोली भरली. सासूबाईंनी बेडकाची गोष्ट पुन्हा सांगितली, कारण थोरलीने ती मागितली. ती सगळ्यांच्या नंतर हसली, पण सगळ्यांपेक्षा जास्त वेळ.

लोक गेल्यावर सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या की आता परत चढवणार नाही, माझी उशी कुणीतरी आणा. स्टोअरबाई म्हणाली, मी आणते. तिला तशीही वरची खोली पाहायची होती.

वर तिने मेणबत्ती उंच धरली. पलंगावर सासूबाईंची उशी होती, त्यांची शाल होती. पलंग एकच होता. खाली जमिनीवर सतरंजीवर धाकटीचं अंथरूण होतं, अर्धं कपाटाला टेकलेलं. म्हणजे इतके दिवस ती फरशीवर झोपली, आणि मीठ मागायला येते तशी तोंड वर करून सांगत फिरली नाही. स्टोअरबाईला धाकटीचा हेवा याआधी बऱ्याच गोष्टींसाठी वाटला होता. या एका गोष्टीसाठी वाटला नव्हता, आणि तोच सगळ्यात जास्त टोचला. हे आपल्याला सुचलं असतं का, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

तिने पलंगावरची उशी घेतली. दारापर्यंत गेली. परत आली आणि जमिनीवरचीही उचलली.

"तू पण खालीच झोप," खाली येऊन ती धाकटीला म्हणाली. "वर एकटी अंधारात काय करशील?"

धाकटीला ते खरं वाटलं, आणि ते बरंचसं खरं होतंही. उरलेलं कारण असं की ती डोळ्यांसमोर राहिली असती. सासूबाई वर राहायचं पुन्हा बोलल्या नाहीत, आणि इथेच राहीन असंही म्हणाल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत लांबच्या लांब अंथरूण घातलं, मध्ये सासूबाई, एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. शेवटची मेणबत्ती जळू दिली. दोघी आपापल्या बाजूने डोळे अर्धवट मिटून पाहत होत्या, त्या कुणीकडे कूस वळवतात.

सासूबाईंनी शाल छातीपर्यंत ओढली आणि उताण्या झोपल्या.