मेल्विनच्या सात पट्ट्या

बँड बंद पडतो, किस्से बंद पडत नाहीत! ते गाळ्यातल्या धुळीसारखे आपोआप साठतात. आज एक पुसावा, तर उद्या तिथे दोन. आमचे किस्से ऐकून लोक पोट धरून हसतात. आम्हीही हसायचो. हल्ली हसत नाही, पण सांगतो, कारण आता दुसरं काही शिल्लक नाही.

आम्ही चौघं, वसई-विरारकडचे. लीड गिटारवर वटारचा मेल्विन, ड्रम्सवर फुलपाड्याचा नितीन, बेसवर अर्नाळ्याचा बावतीस आणि दुसऱ्या गिटारवर मी. गोखिवऱ्यात माझ्या मेव्हण्याचा प्लॅस्टिकच्या डब्यांचा गाळा आहे. शुक्रवारी मशिनं बंद, म्हणून शुक्रवारी आमची प्रॅक्टिस. कधीकधी लाइटही बंद, मग नुसत्याच गप्पा.

गिटारचा आवाज मोठा करणारा मेल्विनचा अँप जुना, सेकंडहँड. त्याचा क्लीन टोन, म्हणजे कुठलाही इफेक्ट न लावता येणारा साधा आवाज, गोधडीखालून कोणी बोलावं तसा यायचा. एका शुक्रवारी मेल्विन इक्वलायझर पेडल घेऊन आला. पायाशी ठेवायची छोटी डबी, तिच्यावर सात सरकत्या पट्ट्या. डावीकडच्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. पट्टी वर सरकवली की तेवढा आवाज वाढतो, खाली सरकवली की कमी होतो.

नितीन म्हणाला, "मेल्या, सात सात बटणं? गिटार वाजवतोयस की विमान उडवतोयस?"

मेल्विन खाली वाकला, दोन-तीन पट्ट्या थोड्या हलवल्या, कान दिला, पुन्हा हलवल्या आणि सगळ्या तारा एकदम छेडून एक कॉर्ड वाजवली. गाळ्यात एकेक तार वेगळी ऐकू आली.

आयुष्यात कोणाची स्तुती न केलेला नितीन म्हणाला, "उडालं रे!"

*

पण तेव्हापासून एक नवीनच त्रास सुरू झाला. प्रत्येक गाण्याआधी हा वाकणार आणि पट्ट्या हलवत बसणार! पापडी गावाच्या बाजूला एक लग्न होतं. नवरा-नवरी पहिल्या डान्ससाठी हातात हात घालून उभी, सगळे पाहुणे गोल करून उभे आणि मेल्विन जमिनीवर उकिडवा.

नवरीचा मामा वैतागला. "अरे बाबा, आटप! जोडपं म्हातारं होईल!"

मेल्विन मान वर न करता म्हणाला, "अंकल, पहिला डान्स एकदाच होनार. घाई कसली?"

पुढे त्याच मामाने स्वतःच्या मुलीच्या लग्नाला आम्हांलाच बोलावलं.

*

मेल्विन घरी कुठे रियाज करायचा, ते एकदा आम्ही बघायला गेलो. वटारला त्याचं केळीच्या बागेतलं घर. पुढच्या खोलीत भिंतीवर आल्तार: येशूची तसबीर, मेणबत्त्या, फुलं आणि एक छोटा लाल दिवा. त्या दिव्याच्या प्लगातच पेडलचा अडाप्टर खोचलेला आणि पेडल आल्तारीच्या फळीवर, तसबिरीच्या पायाशी!

नितीनने कपाळावर हात मारला. "अरे, देवाला कशाला इक्वलायझर?"

मेल्विनची आई पाणी घेऊन आली. तिला सगळेच आय म्हणतात, आम्हीही. ती म्हणाली, "त्या खोलीत तेवढाच एक प्लग चालू हाय, बाबा. देव काय बोलत नाय, तर आपन कशाला बोलायचं?"

*

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. मेल्विनला ताप आला, हॉस्पिटलात नेला आणि आठवड्याच्या आत तो गेला. पस्तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. आम्ही तिघं दफनाला उभे होतो आणि बावतीस सारखं एकच पुटपुटत होता, "शुक्रवारी प्रॅक्टिस हाय ना रे? हाय ना?"

काही महिन्यांनी आयने बोलावणं धाडलं. मेल्विनचं सगळं सामान तिने शिवलेल्या कापडी पिशव्यांत भरून ठेवलं होतं. म्हणाली, "चर्चमधे त्याच्या वर्षाची मिस्सा झाली की अंगनात त्याची ती धून वाजवा. त्याने बसवलेली. पन अगदी तशीच वाजली पायजे. मला एकदा ऐकायची हाय, मग मी काय मागनार नाय."

अँप टेंपोने आला. पेडलची पिशवी नितीनने स्कूटरवरून गोखिवऱ्याला आणली. आम्ही ती हळूच उघडली. मेल्विनचा आवाज त्या पट्ट्यांत आहे, नुसतं जोडायचं आणि वाजवायचं, अशी आमची खात्री.

सातही पट्ट्या अगदी मधोमध, एका रेषेत!

म्हणजे सेटिंग गेलं. पट्ट्या मधोमध असल्या की पेडल काहीच करत नाही. असणं आणि नसणं सारखंच.

बावतीस नितीनवर धावून गेला. "काय केलंस तू?"

"मी हातसुद्धा नाही लावला! खड्ड्यांत हलल्या असतील!"

"खड्ड्यांत हलून सगळ्या एका रेषेत येतात?"

"वसईचे खड्डे आहेत भावा, काय सांगता येतं?"

कोणीच हसलं नाही.

*

मग आठवायला बसलो. नितीन म्हणाला, "डावीकडच्या दोन्ही खाली असायच्या, मी शपथेवर सांगतो." बावतीस म्हणाला, "खुळा झालायस? डावीकडची वर होती!" मला तर मधली खाली असलेली स्वच्छ आठवत होती. तीन माणसं, तीन सेटिंगं, आणि तिघंही शपथेला तयार!

शेवटी नितीनने चिडून सातही पट्ट्या वर ढकलल्या. आवाज एवढा मोठा झाला की अँप फाटक्या पत्र्यासारखा करकरला. शेजारच्या गाळ्यातला वॉचमन धावत आला. "क्या फटा, भाई?"

बावतीस म्हणाला, "नशीब."

*

फोटो शोधू, असं ठरलं. तिघांच्या मोबाइलांत मिळून लग्नांचे हजारो फोटो. प्रत्येकात मेल्विन आहे, पेडल नाही. कधी पेडलवर त्याचा बूट, कधी पुढे करवलीचा घागरा. अखेर विरारच्या एका रिसेप्शनचा फोटो सापडला, पेडल अगदी समोर! बावतीसने बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. कोणीतरी पेडलवर जेवणाची कागदी प्लेट ठेवलेली.

बावतीस म्हणाला, "पट्टी एक दिसत नाय. कबाब मात्र चांगला भाजलाय."

तो हसला आणि हसता हसता रडायलाच लागला. एवढा दांडगा माणूस, होडी वाळूवरून एकटा ढकलेल असा. आम्हांला काय करावं ते कळेना.

*

मग मी इंटरनेटवर व्हिडिओ बघून रीतसर शिकलो. डावीकडून तिसरी पट्टी थोडी खाली आणली, की गोधडी निघते. उजवीकडची दुसरी जराशी वर नेली, की तार चमकते. शेवटची फार वर न्यायची नाही, नाहीतर सापासारखं फुसफुसतं. बरेच शुक्रवार खपलो आणि खरंच सुंदर क्लीन टोन जमला. मेव्हणा डब्यांचा हिशेब सोडून ऐकत उभा राहिला. म्हणाला, "काय गोड वाजतंय!"

आम्ही तिघं माना खाली घालून बसलो. गोड होतं, पण मेल्विन नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही, आणि आयसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

बावतीस तेवढ्यात बोलून गेला, "एक पिशवी नीट आनता आली नाय याला."

नितीनने काठ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलणं बंद. शेवटी मीच बावतीसला म्हटलं, "मेल्विन गेला तेव्हा बँड अर्धा गेला होता. आता पुरता गेला."

*

वर्षाची मिस्सा झाली. वटारच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. नितीन आला होता. बावतीसकडे न बघता त्याने ड्रम्स लावले. आम्ही धून वाजवली. मी जीव ओतून वाजवली, एक सूर चुकला नाही. लोकांनी डोळे पुसले.

आय पहिल्या खुर्चीत बसली होती. संपल्यावर म्हणाली, "चांगलं वाजवलंत, बाबांनो." मग म्हणाली, "पन तो नाय आला."

बावतीस तिच्या पायाशी बसला. "आय, माफ कर. त्याचं सेटिंग आमच्याकडून गेलं. पिशवीतून काढलं तर सगळ्या पट्ट्या सरळ एका रेषेत. या नितीनने आनताना कायतरी..."

"सरळ?" आय म्हणाली. "त्याला कशाला बोलतोस? त्या मी केल्या."

"तू? कधी?"

"रोज. सकाळी आल्तार पुसते ना मी, तेव्हा. देवापुढं असं वाकडंतिकडं बरं दिसतं काय? तो बापडा घरी आनून ठेवायचा वर-खाली केलेलं, मी सकाळी पुसून सरळ करायची. इतकी वर्सं."

नितीनने काठ्या खाली ठेवल्या. मला प्रत्येक गाण्याआधी जमिनीवर उकिडवा बसणारा मेल्विन आठवला. ती आमच्या तोंडांकडे बघून घाबरली.

"काय झालं रे? मी एकदा विचारलं व्हतं त्याला, बाबा, माझ्या पुसन्याने तुझं काय बिघडत तर नाय ना? तर म्हनाला, नाय गं आय, तू पुसत जा. त्यानेच तर बरं वाजतं."