दोन रंगांची शिवण

सुरीवाल्याचं पातं आणि त्याच्या बायकोचं म्यान म्हणजे दुधात साखर, असं गल्लीतली माणसं म्हणत. सुरीवाला म्हणायचा, "साखर मी. ही नुसती उतू जाते." असं म्हटलं की आतून आवाज यायचाच, "ऐकू येतंय हो मला!"

माणूस तिरसट, पण हाताला तोड नाही. शिकारीचा सुरा करायचा म्हटलं की गिऱ्हाइकाला आधी ओल्या मातीचा गोळा मुठीत दाबायला लावायचा आणि त्या ठशावरून लाकडाची मूठ घडवायचा. धार लागली की एक डोळा मिटून पातं खिडकीकडे धरायचा. केसभर बाक दिसला तरी परत भट्टीत. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," हे त्याचं पालुपद. ऐकून ऐकून शेजाऱ्यांचे कान किटले होते. म्यान मात्र बायकोकडे. पात्यावर कागद गुंडाळून ती ओलं कातडं त्यावर दाबून बसवायची, सुकलं की आरीने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायची. त्यात नवऱ्यानेही कधी नाक खुपसलं नाही.

त्या दिवशी एक शिकारी संध्याकाळी सुरा न्यायला येणार होता. दुपारी बायकोने म्यान आणून ठेवलं आणि सुरीवाल्याचं डोकंच फिरलं. शिवण अर्ध्यापर्यंत लाल आणि तिथून टोकापर्यंत चक्क काळी!

एका हातात सुरा, दुसऱ्यात म्यान, असा तो तणतणत आत गेला. "अगं ए, ही काय थट्टा? अर्धी शिवण माहेरची नि अर्धी सासरची?"

"का? टाका सुटला?"

टाका कसला सुटतोय! एकूणएक टाका सारखा. म्हणून तर त्याला कळेना. "दोरा बघ की बाई, दोरा!"

तिने म्यान घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. "लालच तर आहे. सगळा."

ही मुद्दाम खिजवतेय, असंच त्याला वाटलं. "बरं बाई, लाल. आता हा सुरा बघ नि सांग कसा झालाय," म्हणत त्याने पातं पाठीकडून धरून मूठ तिच्यापुढे केली.

तिने बिनधास्त हात पुढे केला. तो मुठीला चुकून पुढे सरकला आणि बोटं सरळ धारेवर मिटायला लागली.

"अगं!" त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. सुरा लांब ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर त्याने पंजा हलवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आधी धूसर व्हायचं. आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आरी काढून घेतली असतीत. बस म्हणाला असतात स्वस्थ. स्वस्थ बसून काय करू हो मी?"

मध्यंतरी ती त्याच्या मागेच लागली होती, लाल रीळ उजवीकडे नि काळं डावीकडे ठेवत जा म्हणून. म्हातारपणाची खोड, म्हणून तो हसला होता. आणि काल, म्यान अर्धं शिवून झालेलं असताना, पुडा बांधायला दोरा घेतला, तेव्हा रिळं कशीही परत टाकली त्यानेच. केसभर बाक पकडणारा हा शहाणा, आणि रोज समोर बसून जेवणारी बायको त्याला दिसली नव्हती! आवाज न करता तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

"शिकाऱ्याला थोडं थांबवा," ती म्हणाली. "काळं उसवून परत शिवते. मला करू द्या हो एवढं."

बोलत होती ती वर बघून, तो मघाशी उभा होता तिथे.

खालूनच त्याने लाल रीळ तिच्या हातात दिलं. दचकलीच ती.