आठ बोटांची मोजणी

"तुमचे धा, आमचे आठ!" असं म्हणून मामा डावा हात वर करायचे. त्या हाताला अंगठा धरून तीनच बोटं होती.

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आमच्या छोट्या कारखान्यात ते पॅकिंगला होते, मी मालाच्या तपासणीला. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. आधी ते प्रेस मशीनवर होते. तिथंच करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बरे होऊन परतले ते हे गणित घेऊनच. वॉशरचे आठाआठाचे गठ्ठे लावायचे आणि आठ गठ्ठे झाले की "शंभर!" म्हणून ओरडायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. तुम्हीही हसला असता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझं पेन मागून घेतलं.

"ताई, नवाच्या पाढ्यात काय गंमत असती?"

"आकड्यांची बेरीज नऊ येते. अठरा घ्या, एक आणि आठ नऊ."

"आमच्यात ती गंमत साताची. चौदा घ्या. एक आठ, वर सहा. म्हंजी एकापुढं सहा लिवायचं. बेरीज?"

"सात."

"अठ्ठावीस. तीन आठ, वर चार. करा बेरीज."

पुन्हा सात. पस्तीस, बेचाळीस मी स्वतः करून पाहिले. दर वेळी सात! चौथी शिकलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक?

"पोरीनं शिकवलं," म्हणाले आणि डबा बंद केला.

पुढं सुट्टी-सुट्टीला थोडं थोडं सांगत गेले. अपघातानंतर दवाखान्यात ते हात चादरीखालून काढत नसत. मुलगी कॉलेजात गणित शिकत होती. तिनं चादर बाजूला केली, एकेक बोट हातात धरून मोजलं आणि आठव्याला म्हणाली, "झाले की दहा, अप्पा! सगळ्या माणसांना आठच बोटं असती, तर आठालाच दहा लिहिलं असतं." त्या दिवशी ते पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवले.

पुढच्याच वर्षी काविळीनं ती गेली.

"एकवीसची हुती, ताई," मामा म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "दोन आठ, वर पाच. तिच्या मोजनीत पंचवीस. चार वर्सं जास्ती जगली, असं धरतो मी."

कसंही लिहिलं तरी वर्षं तेवढीच राहतात, हे त्यांनाही कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. श्रीरामपूर रस्त्यावरच्या त्यांच्या घरी मी भेटायला गेले. मामींना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"येवढी वर्सं झाली, पन पोरीचं नाव न्हाई काढलं त्यांनी घरात," त्या म्हणाल्या. "मी काढलं तर उठून भाईर जायचे. लई राग यायचा मला. वाटायचं, दगडाचं काळीज हाय ह्यांचं."

"मामी, कारखान्यात ते रोज तिच्याबद्दलच बोलायचे."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हातातलं ताट खाली ठेवून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"काय बोलायचे? पयल्यापासनं सांगा."

माझी परतीची नगरची एसटी आली आणि गेली. तिच्या मागची दुसरीही गेली. मी सांगत होते, आणि मध्येच हात धरून त्या म्हणत होत्या, "थांबा. ते परत सांगा."