उलटी मेढ

आमच्या घराची मधली मेढ, म्हणजे छपराचं आढं पेलणारा खांब, अक्कांची आहे, हे आधी सांगतो. बाकीचं मागून. अक्का म्हणजे आमच्या शेजारीण, उमरग्याकडून आलेल्या लिंगायत विधवा. घरात कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी.

निजामाच्या सरकारनं त्या वेळी बालाघाटातला रानाचा एक पट्टा वस्तीला खुला केला होता. धावडा, खैर, मधूनमधून साग. दुपारीसुद्धा बैल बुजायचे, असं दाट रान. ते तोडून जो तो आपलं वावर काढत होता. भावकीत जमीन पुरेना, म्हणून मीही आई आणि बायकोला घेऊन जळकोटकडून तिथं गेलो. पाटलांनी जागा दाखवली आणि सांगितलं, "पावसाच्या आत आढं चढलं तर जागा तुमची. न्हाय तर मागं लई जण उभे हायत." घरासाठी झाडं तोडायचा परवाना एकदाच मिळायचा.

मी काळ्या मातीच्या उघड्या मुलखातला माणूस. आमच्याकडं बांधावर बाभळ, दारात लिंब, आणि घरं आजोबांच्याही आधीची. नव्या लाकडाचं घर उभं राहताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण उर्दू दुसरीपर्यंत शिकलो होतो, तेवढ्यावर वस्तीत मला मास्तर म्हणत, आणि ते मला आवडायचं. म्हणून कुणाला विचारलं नाही. धावड्याची मेढ केली, जाड टोकावर आढं चांगलं बसेल म्हणून खाच तिथं पाडली आणि आदल्या संध्याकाळी बारीक टोक खड्ड्यात पुरलं.

दुसऱ्या दिवशी आढं उचलायला सगळी वस्ती आली. बायकोनं घुगऱ्या शिजवल्या होत्या. आढं खांद्यावर घेतलं आणि पुढच्या टोकाला असलेला एक धनगर मेढीपाशी येऊन थांबला. तासलेल्या फांद्यांच्या गाठी सगळ्या जमिनीकडं तोंड करून होत्या.

"मास्तर, झाडाला डोक्यावर उभं करायला कंच्या शाळंत शिकवलं?"

माणसं हसली. मग त्यांनी आढं हळूच खाली ठेवलं. झाड जसं वाढलं तसंच घरात उभं करायचं, बुड खाली, शेंडा वर, ही तिथली रीत. एकदा उलटी पुरलेली मेढ चुलीतच जाते, तिच्यावर कुणी आढं चढवत नाही. दुसरं झाड तोडायला परवाना नव्हता आणि आभाळ तर रोज दाटत होतं. घुगऱ्यांना कुणी हात लावला नाही. आईनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कुणाकडं न बघता आमच्या तात्पुरत्या खोपटात गेली.

"इरली बिडप्पा," अक्का म्हणाल्या. असू दे रे, असं. "माझ्या गोठ्याची मेढ काढा. धावड्याचीच हाय."

"अक्का, तुमच्या गाईचं काय?" मी म्हणालो.

"ती निजंल माझ्यासंगं. ती काय मास्तर हाय लाजायला?"

नको म्हणायला हवं होतं. मी पहार घेऊन त्यांच्या गोठ्याकडं गेलो. दिवस मावळायच्या आत आढं चढलं, लोकांनी घुगऱ्या खाल्ल्या, जागा आमची झाली.

त्या पावसाळ्यात आमचं घर कोरडं राहिलं. पलीकडं अक्कांचा गोठा एका अंगानं बसला. भिंतीपलीकडून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची, आणि मी कूस बदलायचो. ओढ्याला जाताना अक्का दिसल्या की वाट बदलायचो. त्या मात्र आईजवळ माझी चौकशी करत.

डोंगरातल्या मुरमाड वावरात पोट भरेना, म्हणून मी हैदराबादला आलो. एका लाकडाच्या वखारीत ओंडके उचलतो. ओंडका आला की आधी त्याचं बुड कुठं ते बघतो. सोबतचे हसतात, हसोत. मागच्या खेपेला वस्तीवर घरी गेलो तेव्हा अक्कांनी दारातूनच विचारलं, "जेवलास का?" गोठा तसाच होता, एका टेकूवर. मी खाली बघून व्हय म्हणालो.

अक्का, तुम्हाला वाचता येत नाही, तरी लिहितो. सागाची एक सरळ मेढ मी घेऊन येईन, सडकेपासून खांद्यावर आणीन, आणि तुम्ही समोर बसून सांगाल तशी तुमच्या गोठ्यात उभी करीन. या खेपेला विचारून.