वेणूबाईंच्या नावाचं जबाबी कार्ड

दिवाळीच्या सुट्टीत कर्जतला घरी गेलो होतो, तिथे एक गंमत झाली. गंमत कसली, फजितीच म्हणा... आणि ती माझीच.

आधी थोडं मागचं सांगतो. मी मुंबईला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की काकांकडे आफ्रिकेत मोंबासाला जायचं आणि तिथल्या शाळेत मास्तरकी करायची, असं जवळजवळ ठरलंय. पासपोर्टचा अर्ज गेला, वडिलांनी, म्हणजे गावचे मास्तर असलेल्या अप्पांनी, होकार दिला, समुद्र ओलांडण्यावरून आळीतल्या दोघातिघांची नाकं मुरडून झाली.

बोलली नाही ती फक्त आई. काकांचं पत्र आल्यापासून महिनाभर तिने त्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. तिच्या मनाविरुद्ध माझा पाय निघाला नसता, आणि तिला सरळ विचारायचं धाडस होत नव्हतं.

त्यातच आमच्या प्रोफेसरांनी निबंध दिला. आपल्या गावात कोण, कुठून आलं ते लिहून आणा म्हणाले. मला काय, चेवच चढला! वही घेऊन कर्जतभर हिंडलो. स्टेशनसमोरचे इराणी शेठ, पेठेतले मारवाडी दुकानदार, भिवपुरीच्या वीजघरात कामाला आलेले पंजाबी मिस्त्री... सगळ्यांना पिडलं.

लाकडाची मोळी विकायला डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या ठाकरणीलाही सोडलं नाही. ती हसायलाच लागली. "आमी कुठनं येनार रं? आमी हितलीच. तुमीच समदे मागनं आलाव." मी मुकाट्याने तेही लिहून घेतलं.

घरी अप्पांनी आमच्या सात पिढ्या सांगितल्या. कोणते पणजोबा कोकणातून आले, कोणी जमीन घेतली, कोणी विहीर बांधली... सगळे बापे! वही मिटत होतो, तेवढ्यात आई चकल्या घेऊन आली. मी आपलं सहज विचारलं, "आणि आई, तू गं?"

ती थबकली. "मी होय? मी घाटावरची, तळेगावची. अकराव्या वर्षी लग्न लावून गाडीत बसवलं. बोगदा आला की डोळे गच्च मिटायची. उतरले ती इथेच." मग चकल्यांची ताटली खाली ठेवत हळूच म्हणाली, "तेव्हा मी वेणू होते."

मला हे माहीतच नव्हतं! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि वेणूची लक्ष्मी झाली. तिचे आईवडील लवकर गेले, माहेर असं काही उरलं नाही. मग वेणू म्हणून हाक मारणार तरी कोण?

अख्ख्या गावाला विचारत फिरलो, आणि रोज मला वाढणारी माझी आई इतकीशी असताना एकटी परक्या गावात आली, हे माझ्या टाळक्यात नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! लाज वाटली हो...

मुंबईला परतल्यावर चैन पडेना. शेवटी पोस्टातून एक जबाबी कार्ड आणलं, ज्याला उत्तरासाठी दुसरं कोरं कार्ड जोडलेलं असतं ते. त्यावर एवढंच लिहिलं: "आई, मी जाऊ का? तू नको म्हणालीस तर जाणार नाही." आणि पत्ता घातला: सौ. वेणूबाई, मास्तरांचे घर, कर्जत.

पण धीर कुठला निघतोय! कार्ड पोचायच्या आधी शनिवारी मीच घरी हजर. दुपारी अप्पा आणि मी ओटीवर बसलो होतो, तर पोस्टमन आला. "मास्तर, घर तुमचं हाय, पन ह्या नावाची बाई गावात कुनी नाय."

अप्पांनी चष्मा लावून पत्ता वाचला. "वेणूबाई? आमच्याकडे नाही बुवा कोणी. परत पाठवून दे."

तेवढ्यात आई बाहेर आली. हात पिठाचे तसेच. "माझं आहे ते," म्हणाली, कार्ड घेतलं आणि आत निघून गेली. पोस्टमन आ वासून उभा... अप्पांना ते नाव आठवायला थोडा वेळ लागला. आठवल्यावर मात्र चष्मा काढून पुसत बसले.

रविवारी निघेपर्यंत तिने उत्तर दिलं नाही. डबा हातात दिला, "नीट जा" म्हणाली, बस्स. तिच्या मनात नाही, असंच धरून चाललो मी. गाडीत डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू? काकांना नकार कसा कळवायचा, त्याची जुळवाजुळवही मनात सुरू केली.

बुधवारी होस्टेलवर दुसरं कार्ड आलं. आई पोथी वाचते, पण तिने लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मोठाली अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या...

"चि. बाळ यास आशीर्वाद. मला धाडलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. तेव्हा खुशाल जा. मी रडेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. पोचल्याचं पत्र ह्याच नावावर टाक. पोस्टमनला सांगून ठेवलं आहे. वेणू."

जिन्यातच बसून पोटभर रडलो. मोंबासाला जायला मिळणार याचा आनंद आहेच... पण आईने स्वतःचं नाव लिहून मला धाडलं, याचा त्याहून जास्त.